साडूच्या गाडीतली झोप

सोफेवाल्याच्या बायकोला गाडी लागायची. लागायची म्हणजे कशी, तर लांबून डोंगर दिसला की तिचा चेहरा उतरायचा, घाट सुरू झाला की ती गप्प व्हायची आणि तिसऱ्या वळणावर नुसता हात वर करायची. मग त्यानं गाडी कडेला घ्यायची, तिनं दार उघडायचं, पुढचं काय सांगायचं. माहेर घाटावर, सासर खाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं शिकून बाहेरगावी गेली, पण तो वर होणारा हात काही चुकला नाही.

बरं, हा गडी स्वस्थ बसणारा नव्हता. उभं आयुष्य सोफे आणि गाद्या बांधण्यात गेलेलं, तेव्हा आधी त्यानं तिची सीटच उसवली. आतला फोम बदलला, नरम घातला, मग कडक घातला, मग पाठीला उशी शिवली. लिंबू झालं, आलं झालं, खिडकी उघडी झाली, खिडकी बंद झाली. समोर लांब बघत बस, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तेही झालं. सगळे उपाय थकले, उलटी काही थकली नाही. पण त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही, हेही सांगायला हवं. बायकोला गाडी लागते, कुणाच्याही गाडीत लागते, त्याला तो काय करणार. कुणाच्याही गाडीत लागते, या एका वाक्यावर त्याचं समाधान उभं होतं.

आणि मग साडूनं ते वाक्य खोटं पाडलं.

आता साडू हे नातंच असं आहे की त्यात भांडायला काही नसतं आणि तुलना करायला सगळं असतं. एकाच घरातल्या दोन मुली दोघांनी केल्या, त्यामुळे सासऱ्यांनी एकाला पाणी विचारलं की दुसऱ्याचे कान टवकारणार. बाकी धाकट्या जावयाचं सोफेवाल्याशी काहीच वाकडं नव्हतं. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे साचे पाठवायचे आणि तो आपल्या छोट्या खोलीत बसून एकेक दात घासूनपुसून बसवायचा. दुसऱ्यांची तोंडं भरून देणारा हा माणूस स्वतः तोंड फारसं उघडायचा नाही. सोफेवाल्याला ती घमेंड वाटायची. कवळीवाल्यानं गाडी घेतली तेव्हा सोफेवाल्यानं तीच गाडी घेतली, फक्त रंग वेगळा घेतला, म्हणजे नक्कल म्हणायला नको. सासरे एकदा म्हणाले की दोन्ही गाड्या सारख्याच, पण धाकट्याची जरा कमी आवाज करते. झालं, पुढचा महिनाभर सोफेवाला दारांना रबर चिकटवत होता.

तर झालं असं, की सासूबाई जिन्यावरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सोफेवाला त्या दिवशी दुसऱ्या गावात एका नाट्यगृहाच्या खुर्च्या बांधायला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. शेवटी कवळीवाल्यानं दोघी बहिणींना गाडीत घालून वर पोचवलं. तो त्याच संध्याकाळी परत आला. सोफेवाल्याची बायको दोन दिवस राहून बसनं आली, आणि धाकटी आईजवळच राहिली. म्हाताऱ्या बाईचं उठणं-बसणं कुणीतरी करायला हवंच होतं.

बायको परत यायच्या आधीच साडूचा फोन आला. सासूबाईंचं सांगून झालं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगून झालं, आणि मग तो म्हणाला, "दादा, ताई अख्खा घाट झोपल्या होत्या. एकदाही थांबावं लागलं नाही."

सोफेवाल्याला आधी वाटलं, चुकून ऐकलं. मग साडू नेहमीचं मौन सोडून चक्क बोलायला लागला. त्यानं गाडीला मागून नवीन बार बसवला होता. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ती दांडी पिळवटते आणि गाडीला सरळ धरते. कंपनी देते ती बारीक असते, ही जाड. आता गाडी डोलतच नाही, म्हणाला, वळणावर चिकटून जाते. रबर कुठलं, ब्रॅकेट कसले, ग्रीस कुठं लावायचं, हे सगळं त्यानं सांगितलं. फोन ठेवायलाच तयार नव्हता. सोफेवाला हं हं करत राहिला आणि त्या दिवशी त्यानं एका बाईच्या सोफ्याला चुकीचं कापड ठोकलं.

बायको आली ती बसमधून पांढरीफटक होऊन. बसमध्ये लागली होती ना. तिला पाणी देऊन, जरा बसू देऊन, मग सोफेवाल्यानं अगदी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं की जाताना म्हणे झोप लागली. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं, आणि "हं" म्हणाली.

त्या हं नं त्याला किती छळलं म्हणून सांगू. कटिंगच्या टेबलावर कापड पसरलं की हं, टाचण्या तोंडात धरल्या की हं. इतकी वर्षं शेजारी बसून जी बाई त्याच्या गाडीत डोळा मिटू शकली नाही, ती दुसऱ्याच्या गाडीत गाढ झोपली. उगाच वाईट अर्थ काढायला तो काही वेडा नव्हता. बायको कशी आहे ते त्याला माहीत होतं, साडूही तसला नव्हे. पण जळायला माणसाला अर्थ कुठं लागतो? झोप म्हणजे विश्वास, आणि तो विश्वास त्यानं एवढे उपाय करून कमावला नाही, आणि त्या कवळीवाल्यानं एका दांडीत कमावला. हे त्याला सहन होईना.

त्यातून आता दर आठवड्याला वर जावं लागणार होतं. आई अंथरुणावर, धाकटी एकटी किती करणार. म्हणजे दर आठवड्याला घाट, आणि दर आठवड्याला तो हात. एका रात्री जेवताना सोफेवाल्यानं खडा टाकून पाहिला. तुला त्याच्या गाडीनं जायचं असलं तर जा, म्हणाला, मला काही नाही. बायको पटकन म्हणाली, "नको." इतकं पटकन, की त्याला ते खरं वाटेना. ज्याला मनापासून नको असतं तो जरा विचार करून नको म्हणतो, असं त्याचं गणित. हिला जायचंय आणि आपल्याला वाईट वाटेल म्हणून ही नको म्हणतेय. यापुढे ती आपल्यावर दया करून आपल्या गाडीत बसणार, आणि उलट्या काढणार.

दुसऱ्या दिवशी त्यानं बार मागवला. साडूचा होता तोच, तेवढ्याच जाडीचा. आणखी जाड मिळतो का, असंही विचारून पाहिलं होतं, पण दुकानदार म्हणाला की मागून फार ताठ केली तर ओल्या रस्त्यावर गाडीचं बूड सरकेल, तेव्हा तेवढ्यावर भागवलं.

कुणाला विचारायचं नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. गॅरेजवाल्याकडे न्यावी तर तो साडूचा दोस्त. आणि विचारायचं काय होतं त्यात? ज्या माणसानं नाट्यगृहाच्या ओळीच्या ओळी बांधल्या, त्याला एक दांडी बसवता येऊ नये? रविवारी त्यानं दुकानामागच्या अंगणात गाडी लावली, मागची बाजू जॅकवर उचलली, दोन्हीकडे स्टँड दिले. मागची चाकं हवेत लोंबकळायला लागली. जुनी बारीक दांडी काढली. नवीन दांडीवर रबराचे बुश, म्हणजे जाड कड्या, चढवले, आतून ग्रीस चोपडलं, ब्रॅकेट बसवले. मग दांडीची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंच्या लिंकना जोडली. लिंक म्हणजे वीतभर लांबीचा दुवा, एक टोक दांडीला, एक चाक धरून ठेवणाऱ्या आर्मला. आणि मग पाना घेऊन असं आवळलं, असं आवळलं, की हाताला घट्टे पडले असते तर पडले असते, पण ते आधीचेच होते.

चूक झाली ती इथंच, आणि ती सोफेवाल्यानंच करावी अशी होती. सोफ्याच्या तळाला पट्ट्या ताणतात ना, त्या सोफा रिकामा असताना ताणायच्या असतात. वर कुणी बसलेलं असताना पट्टी ठोकली तर माणूस उठल्यावर ती ढिली पडते. रिकामं असताना जितकं ताणाल तितकं वजन नंतर पेलतं, हे त्याच्या बोटांना मुखपाठ होतं. म्हणून त्यानं चाकं हवेत असतानाच सगळं करकचून आवळलं, गाडी खाली उतरवली, बुडावर थाप मारली आणि खूश झाला. गाडी खाली बसताना रबरातून एक करकर आली. नवीन आहे, बसेल, असं तो स्वतःशीच म्हणाला.

पुढच्या शनिवारी दोघं निघाली. बायकोला त्यानं काही सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःहून म्हणावं, अशी त्याची इच्छा होती. पहिलं वळण आलं आणि गाडी खरंच कलली नाही. सोफेवाल्याच्या छातीत असं काही भरून आलं की त्याला शीळ घालावीशी वाटली. दुसरंही तसंच गेलं. त्यानं हळूच शेजारी पाहिलं. बायकोचे डोळे उघडे होते, पण हात मांडीवर होता. आणि तेवढ्यात मागून ठक्क असा आवाज आला. मग ठक ठक. मग प्रत्येक खड्ड्याला ठक, आणि वळणावर चर्र असं काहीतरी घासलं. गाडी एकदम अंग झटकल्यासारखी हलली आणि बायकोचा हात वर गेला.

ती दाराशी वाकली होती तेव्हा हा गाडीखाली वाकला होता. पिळलेल्या रबरानं ओढ घेऊन घेऊन एका लिंकचा नट सुटला होता आणि दांडीचं टोक लोंबकळत टायरला लागत होतं. टायरच्या आतल्या अंगाला ताजी काळी रेघ उमटली होती, रबराचा भुगा हाताला लागला. अजून दोन-तीन वळणं तशीच गेली असती तर टायर फाटला असता, आणि डाव्या हाताला दरी होती. सोफेवाल्यानं डिकीतून सोफ्याची एक जाड पट्टी काढली, दांडी वर बांधून टाकली आणि बैलगाडी हाकावी तशी गाडी वर नेली. बायकोला तो म्हणाला, खडा अडकला होता. करायला गेलो काय आणि झालं काय, तेवढं मात्र त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

वर पोचल्यावर मेहुणी दारात आली. आधीच किडकिडीत, त्यात आईचं करून करून डोळ्यांखाली काळं झालं होतं. सोफेवाला अंगणात गुडघ्यावर बसून पट्टी घट्ट करत होता. तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीही लावलात का हे, भावोजी?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. दिवसभर ती त्याच्याशी फारसं बोलली नाही. सोफेवाल्याला ते झोंबलं. नक्कल केली आणि तीही धड जमली नाही, असंच म्हणाली असणार आत जाऊन.

पट्टीच्या आधारानं घाट उतरला खरा, पण असं किती दिवस चालणार. जुनी दांडी परत लावावी तर हार, आणि गॅरेजला न्यावी तर गॅरेजवाला साडूला सांगणार. मग साडूकडे आपणच गेलेलं काय वाईट? असं करत करत, नाक मुठीत धरून, एका सुटीच्या दिवशी सोफेवाला कवळीवाल्याच्या दारात उभा राहिला. डबा बरोबर घेतला होता. साडूच्या घरचं अन्न खाऊन वर त्याचा उपदेश ऐकायचा, तेवढं जमलं नसतं.

साडूनं दार उघडलं आणि तो इतका खूश झाला की सोफेवाल्याला संशयच आला. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला. घरात पडदे ओढलेले, टेबलावर कवळ्यांचे साचे पसरलेले, एरवी मेहुणी ते टेबल जेवणासाठी मोकळं ठेवायची. बायको माहेरी गेली की पुरुषमाणूस असाच राहतो, असं मनाशी म्हणून सोफेवाला कामाचं बोलला. साडूनं एकदा गाडीखाली डोकावलं आणि विचारलं की आवळताना चाकं खाली होती की वर. वर, सोफेवाला म्हणाला. त्याला वाटलं, आता हसेल. पण साडू हसला नाही.

"गाडी स्वतःच्या पायांवर उभी असताना आवळायचं, दादा," तो म्हणाला. "आपलं वजन घेऊन ती जशी उभी राहते, ती तिची खरी जागा. हवेत आवळलं की रबराला तीच जागा खरी वाटते, आणि खाली आल्यावर ते जन्मभर पिळलेलं राहतं."

मग तो कामाला लागला. दोन फळ्या रचून उतार केला, गाडी मागे घेत चाकं वर चढवली, म्हणजे चाकांवर वजनही राहिलं आणि खाली सरकायला जागाही झाली. सगळे नट सैल केले. गाडीला वरून दाबायला सांगितलं, सोडायला सांगितलं, पुन्हा दाबायला सांगितलं. रबर आपलं आपण सरळ झालं. सुटलेल्या लिंकला नवीन नट घातला, तो स्वतःच्या डब्यातून काढून. आणि एकेक करत, एकदा या बाजूचा थोडा, एकदा त्या बाजूचा थोडा, असे सावकाश आवळत राहिला. कवळीतला दातही तो असाच बसवत असणार. सोफेवाल्याला हे सगळं दिसत होतं आणि त्याचा जळफळाट होत होता. आपल्याहून हात चांगला असलेला माणूस नुसता बघणं, यासारखी शिक्षा नाही.

आणि काम करताना साडूचं तोंड चालू. सासूबाई उठून बसतात का? सासऱ्यांची झोप होते का? वर पाणी येतं ना वेळेवर? वर सगळे कसे आहेत? वरचे काही म्हणत होते का? सोफेवाला म्हणाला, काय म्हणणार, बरे आहेत. मनात म्हणाला, माझी फजिती वर कुणी सांगितली का ते हा काढून घेतोय. दुपारी त्यानं पायरीवर बसून डबा खाल्ला. साडू गाडीखालीच होता. काम झाल्यावर सोफेवाला निघायला लागला तर साडूनं चहा केला. चहा झाला तर म्हणाला, थांब की जरा, टायरची हवा बघू. हवा झाली तर काच पुसायला लागला.

शेवटी सोफेवाल्यानं किल्ली फिरवली तेव्हा साडू खिडकीशी आला. पाना अजून हातात होता. "दादा, वर गेलास की सांग," तो म्हणाला. "तुझ्या गाडीचं मी केलं म्हणून सांग."

बघा, माणूस किती लोभी असतो, सोफेवाल्याच्या मनात आलं. गाडी माझी, बार माझा, बायको माझी, आणि शाबासकी यालाच हवी. बघू, असं म्हणून त्यानं गाडी काढली. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हे त्यानं गल्लीच्या कोपऱ्यावरच ठरवून टाकलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा घाट. आता मात्र गाडीनं पांग फेडले. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, गाडी नुसती वळत होती, कलत नव्हती. तिसऱ्याच्या पुढं चौथंही गेलं आणि बायकोचा हात मांडीवरच राहिला. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या ओठांना रंग होता. नेहमी थांबायचे तो कठडा मागं पडला तेव्हा तिनं वळून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. सोफेवाल्याला वाटलं, आता हिनं म्हणावं. ती म्हणेना. त्यानं आणखी दोन वळणं धीर धरला आणि मग त्याला राहवलं नाही.

मागं बार लावलाय, त्यानं सांगितलं. आता बघ, पोटातलं पाणी हलत नाही. बायको म्हणाली, हो, बरं वाटतंय. एवढ्यानं एखाद्याचं समाधान झालं असतं. पण याला बरं नको होतं, जास्त बरं हवं होतं.

"त्याच्या गाडीपेक्षा?" त्यानं विचारलं. "तिथं झोपलीस तशी झोप येईल इथं? खरं सांग."

एक वळण गेलं. मग बायको म्हणाली, "मी झोपले नव्हते."

गाडी चालवता चालवता त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं पुढं बघायला सांगितलं आणि पुढं बघतच ती बोलत राहिली. आई पडल्याचा फोन आला तेव्हा धाकटीचा नवरा त्याच्या गाडीखाली होता. हाच बार बसवत होता. धाकटी धावत सांगायला गेली तर म्हणाला, एवढे नट आवळतो आणि निघू. आई तिकडं जिन्याच्या तळाशी पडलेली, बाबा एकटे, आणि हा माणूस इकडं नट आवळत होता. तासभर आवळत होता. ती अंगणात उभी राहून बघत होती. मग दोघं मला घ्यायला आली, आणि घाट लागल्यापासून त्यांचं भांडण सुरू झालं. ओरडून नाही, अगदी हळू आवाजात. मी मागं होते, मी काय करणार, मी डोळे मिटून घेतले. मी झोपले असं समजून ती दोघं काय काय बोलली. धाकटी म्हणाली, तुला माणसापेक्षा दांडी जवळची. आई बरी झाली तरी मी परत यायची नाही. तो म्हणाला, नको येऊस. भीतीनं माझं अंग असं गार पडलं होतं की उलटी करायचंसुद्धा सुचलं नाही.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तिनं शपथ घातली होती," बायको म्हणाली. "आणि तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला आनंद झाला असता."

ते खरं होतं. थोडासा का होईना, झाला असता. त्या दिवशीचा फोन त्याला आठवला. कुणाशीतरी बोलायला धडपडणारा तो माणूस, आणि घरात दुसरं कुणी नाही म्हणून रबर आणि ग्रीस सांगत सुटलेला. आणि त्यानं कुठल्या झोपेवर एवढे दिवस रक्त आटवलं होतं, तर डोळे घट्ट मिटून थरथरत बसलेल्या आपल्याच बायकोच्या. त्याला स्वतःची अशी काही लाज वाटली की त्यानं उगाचच गिअर बदलला.

घरी पोचल्यावर बायको आत आईजवळ गेली. मेहुणी मागच्या दारी दोरीवर चादरी घालत होती. सोफेवाला तिथं जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं, आणि साडूची तारीफ करायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. तो म्हणाला की मी त्याच्याकडे गेलो होतो. माझी गाडी त्यानं नीट करून दिली. दिवसभर करत होता.

मेहुणीनं चादरीची घडी झटकली. तो करणारच, म्हणाली, गाडीच ती.

"मी सैल दांडी घेऊन हा घाट चढलोय," सोफेवाला म्हणाला. "मला ती लावता आली नव्हती. नट सुटला, दांडी टायरला लागली. तुझी बहीण शेजारी होती. त्या दिवशी त्यानं अर्धवट सोडून गाडी काढली असती तर तुम्ही तिघं वर पोचला नसतात. हे दुसऱ्या कुणाला नाही, पण मला माहीत आहे."

"दुसरी गाडी बोलावता आली असती, भावोजी."

"आली असती," तो म्हणाला. "ते त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नसतं."

मेहुणीनं एक चादर घातली, दुसरी घातली. वाऱ्यानं त्यांचे कोपरे उडत होते, ते तिनं चिमट्यांनी धरले. सोफेवाल्याला वाटलं, झालं, आपलं बोलणं वाया गेलं. तो आत जायला वळला तेव्हा तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं, "तो जेवला होता का?"

सोफेवाल्यानं तोंड उघडलं. त्या दिवशी साडू काय काय बोलला ते सगळं त्याला पाठ होतं. कुठला पाना कुठल्या नटाला लावला, ते सांगता आलं असतं. फळ्या कशा रचल्या, तेही.

"मी जेवलो," तो म्हणाला. "त्याला मी विचारलं नाही."